विशेषणे खोडल्यावर जे उरते

माझा पहिला बायोडेटा मी अजून जपून ठेवला आहे. दीड पानाच्या त्या कागदावर माझ्या नावाखाली मी स्वतःचे वर्णन ‘मेहनती, जिद्दी, जबाबदार, लवकर शिकणारी’ असे केले होते, आणि कुठे थांबावे हे न कळल्यामुळे त्यात आणखी पाच विशेषणे जोडली होती. पदवीची शेवटची परीक्षा संपल्यानंतरच्या पाच महिन्यांत तो कागद मी साठाहून अधिक ठिकाणी, एका अक्षराचाही बदल न करता पाठवला. उत्तरे आली चार आणि त्यांपैकी तीन नकाराची होती. बाकीच्यांनी अर्ज वाचलेच नसावेत, अशी माझी तेव्हा समजूत होती. पुढे काही वर्षांनी, एका कनिष्ठ पदासाठी आलेले ऐंशी अर्ज एका दुपारी वाचण्याची वेळ माझ्यावर आली, तेव्हा लक्षात आले की ते वाचले गेले असणार. फक्त वाचणाऱ्याच्या हाती काही लागले नसणार. त्या ऐंशी अर्जांमधले जवळजवळ सगळे उमेदवार मेहनती, जिद्दी आणि लवकर शिकणारे होते.

तेव्हापासून नोकरीच्या तयारीबद्दल कोणी विद्यार्थी विचारू लागला की मी त्याला प्रथम पेन्सिल घेऊन स्वतःच्या बायोडेटातील प्रत्येक विशेषण खोडायला सांगते. ‘उत्तम संवादकौशल्य’ गेले, ‘नेतृत्वगुण’ गेले, ‘संगणकाचे चांगले ज्ञान’ यातले ‘चांगले’ही गेले. जे उरते तेवढेच वाचणाऱ्याच्या कामाचे असते. काही जणांच्या कागदावर शिक्षणाच्या तपशिलाखेरीज काहीच उरत नाही आणि त्यांचा चेहरा पडतो. पण निदान काय करायचे राहिले आहे, ते त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसते. नोकरीच्या शोधाची तयारी म्हणजे बायोडेटा लिहिणे नव्हे, तर बायोडेटात लिहिता येईल असे काही करणे आणि ते विसरण्याआधी टिपून ठेवणे, असे माझे मत आहे. हे काम शेवटच्या सत्राच्या शेवटच्या महिन्यात सुरू केले तर ते तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे होते.

टिपून ठेवणे हा भाग क्षुल्लक वाटतो. म्हणूनच तो राहून जातो. आपण दोन वर्षांपूर्वी एखाद्या प्रकल्पात नेमके काय केले, किती माणसांबरोबर केले, कुठे अडलो आणि ती अडचण कशी सोडवली, हे आपल्याला आठवत राहील अशी आपली खात्री असते, आणि प्रत्यक्षात मुलाखतीच्या आदल्या रात्री प्रकल्पाचे नाव आणि गटातील दोघांची नावे यांपलीकडे काही आठवत नाही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे काढून एका साध्या वहीत चार ओळी लिहिल्या तरी पुरते. ‘वार्षिक कार्यक्रमाच्या समितीत सक्रिय सहभाग’ अशी नोंद मात्र निरुपयोगी असते. ‘कार्यक्रमासाठी आलेल्या साडेतीनशे नोंदणी अर्जांची यादी सांभाळली, नावांची जुळणी हाताने होत असे, ती एक्सेलमधील सूत्राने केली, त्यामुळे दोन दिवसांचे काम एका सकाळीत झाले’ ही नोंद उपयोगी असते, कारण तिच्यात एक अडचण आहे, एक कृती आहे, एक परिणाम आहे आणि करणारी व्यक्तीही आहे.

करणाऱ्या व्यक्तीचा हा मुद्दा आपल्या भाषेत विशेष त्रास देतो. ‘प्रकल्प पूर्ण करण्यात आला’, ‘सर्वेक्षण घेण्यात आले’ अशी वाक्ये लिहिण्याची सवय आपल्याला शाळेच्या निबंधांपासून आणि प्रयोगवहीपासून लागलेली असते. शिवाय ‘मी केले’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते म्हणून आपण ‘आम्ही’मध्ये लपतो. वाचणारा मात्र एका माणसाला नेमणार असतो, गटाला नव्हे. गटाचे श्रेय गटाला देऊन झाल्यावर त्यातील आपला वाटा कोणता, हे स्पष्ट सांगणे ही बढाई नव्हे, ती माहिती आहे.

विशेषणे खोडल्यावर ज्यांच्या कागदावर काही उरत नाही, त्यांनी काय करावे? बहुतेक जण या टप्प्यावर ऑनलाइन अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे गोळा करू लागतात. त्यांतून शिकायला मिळते याबद्दल वाद नाही, परंतु टेबलाच्या पलीकडे बसल्यावर सात प्रमाणपत्रांपेक्षा पूर्ण केलेले एक लहानसे काम मला नेहमीच अधिक बोलके वाटले आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एखाद्या कंपनीचा प्रसिद्ध झालेला वार्षिक अहवाल घेऊन तिच्या रोख प्रवाहाबद्दल दोन पानांचे टिपण लिहावे. संगणक शाखेच्या विद्यार्थ्याने स्वतःला खरोखर लागणारे एखादे छोटे साधन तयार करून गिटहब या, प्रोग्रॅम सर्वांना पाहता येतील असे ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवावे आणि ते कसे वापरायचे, हे अनोळखी माणसाला समजेल अशा शब्दांत सोबत लिहावे. भाषेच्या विद्यार्थ्याने एकाच मजकुराचे दोन वेगवेगळ्या वाचकांसाठी अनुवाद करून त्यांतील फरक का केले, ते सांगावे. स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्याने डोळ्यांसमोर असलेल्या एखाद्या लहान बांधकामाचे परिमाणपत्रक, म्हणजे त्यातील कामाचे व साहित्याचे मोजमाप, काढावे. यातले कोणतेही काम करायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि झालेले काम समोर ठेवता आले की स्वतःच्या गुणांचे वर्णन करण्याची गरजच उरत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

कोणते काम करावे हे ठरवण्यासाठी जाहिरातींचा अभ्यास करावा लागतो, आणि इथे ‘अभ्यास’ हा शब्द मी शब्दशः वापरते आहे. आपल्याला हव्या असलेल्या पदाच्या वीस जाहिराती जमवाव्यात आणि त्यांतील क्रियापदे अधोरेखित करावीत: तयार करणे, तपासणे, कळवणे, जुळवणे, समजावून सांगणे. जे वीसपैकी पंधरा जाहिरातींत येते, ती त्या कामाची खरी गरज असते. जे एखाद्याच जाहिरातीत येते, ती बहुधा कोणाची तरी इच्छा असते. ‘एक ते दोन वर्षांचा अनुभव’ ही अट वाचून नवे पदवीधर पान उलटतात, तेही मला पटत नाही. कायद्याने आवश्यक असलेला परवाना किंवा विशिष्ट पदवी हवी असेल तर तिथे तडजोड नसते. पण बाकीच्या अटींबाबत, जाहिरातीतील मुख्य कामे आपण इंटर्नशिपमध्ये किंवा प्रकल्पात केलेली असतील आणि ती दाखवता येत असतील, तर अर्ज जरूर करावा. नाही म्हणण्याचे काम समोरच्याचे आहे, ते आपण आधीच उरकून टाकू नये.

अर्ज समोरच्याच्या गरजेतून लिहिणे म्हणजे काय, याचा माझा आवडता नमुना पाचशेहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. साधारण १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागण्यासाठी एक पत्र तयार केले. लिओनार्दो तेव्हा तिशीच्या आसपास होता आणि त्याचे शिक्षण चित्रकाराच्या कार्यशाळेत झालेले होते. तरीही पत्रात सुरुवातीला येतात ते वाहून नेता येणारे हलके पूल, खंदकातील पाणी काढण्याच्या युक्त्या, भुयारे, तोफा आणि आच्छादित रथ; चित्रकला अगदी शेवटी, एखाद्या जोडधंद्यासारखी येते. स्फोर्झाला शत्रूंची चिंता होती, चित्रांची नव्हती, हे लिओनार्दोने ओळखले होते. त्या यंत्रांपैकी किती त्याने तोवर बांधली होती, असे कोणी विचारले असते तर त्याची पंचाईत झाली असती, तेव्हा तेवढ्या बाबतीत त्याचे अनुकरण करू नये. आणखी एक तपशील मला मौजेचा वाटतो: या पत्राचा जो मसुदा आज उपलब्ध आहे, तो लिओनार्दोच्या हस्ताक्षरात नाही, असे अभ्यासक मानतात. म्हणजे त्यानेही आपला अर्ज दुसऱ्या कोणाकडून नीट करून घेतला असावा. आपणही आपला कागद पाठवण्याआधी, शुद्धलेखनाची चाड असलेल्या एखाद्या माणसाला वाचायला द्यायला काय हरकत आहे?

कागदाच्या बाह्यरूपाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील एका नोकरीविषयक संकेतस्थळाने भरती करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या, तेव्हा बायोडेटावरील पहिली नजर सरासरी ७.४ सेकंदांची भरली. त्यामुळे नवपदवीधराला एक पान पुरेसे आहे, आणि सर्वांत संबंधित काम त्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात हवे. अनेक ठिकाणी माणसाआधी सॉफ्टवेअर अर्जातील मजकूर उचलून घेते. दोन स्तंभ, तक्ते, चित्रात बसवलेली अक्षरे आणि कौशल्यांचे रंगीत आलेख यांत त्याचा गोंधळ होऊ शकतो. आपल्या पीडीएफमधील सगळा मजकूर उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. तिथे तो ज्या क्रमाने दिसेल, साधारण त्याच क्रमाने यंत्रही तो वाचत असेल. फाइलला स्वतःचे पूर्ण नाव द्यावे. ‘नवा बायोडेटा अंतिम ३’ या नावाच्या फाइली मी इतक्या पाहिल्या आहेत की त्या कोणाच्या होत्या, हे शोधण्यात माझा बराच वेळ गेला आहे.

कागदापेक्षा माणसांचा विषय कितीतरी अधिक महत्त्वाचा आणि अवघडही आहे, कारण ‘ओळख’ म्हटले की आपल्याला लगेच ‘वशिला’ आठवतो आणि स्वाभिमानी मुले तिथूनच मागे फिरतात. मीही फिरले होते. वशिल्यात योग्यता न पाहता जागा मिळवून देण्याची अपेक्षा असते. ओळखीतून मिळते ती माहिती, आणि ती मागण्यात कमीपणा नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात बोस्टनजवळील न्यूटन येथील, ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना एक साधा प्रश्न विचारल्याची हकीकत आहे: ज्याच्याकडून नोकरीची माहिती मिळाली, त्याला तुम्ही तेव्हा किती वेळा भेटत होता? ‘वारंवार’ असे उत्तर फक्त १६.७ टक्के लोकांनी दिले, ५५.६ टक्के त्या व्यक्तीला अधूनमधून भेटत होते, आणि २७.८ टक्के क्वचितच. नमुना अवघ्या ५४ जणांचा होता, परंतु त्यामागचे कारण विचार करण्यासारखे आहे. आपले जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात वावरतात, त्यामुळे त्यांना जे माहीत असते, ते बहुधा आपल्यालाही माहीत असते; नवी बातमी येते ती वर्तुळाच्या कडेवर उभ्या असलेल्या माणसांकडून. लिंक्डइनच्या दोन कोटी सदस्यांच्या पाच वर्षांतील नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही कल साधारण असाच दिसला, मात्र एक बारकावा वाढला: सर्वाधिक उपयोगी ठरल्या त्या मध्यम पातळ ओळखी, अगदी नावापुरत्या नव्हेत.

माझ्या बाबतीतही तसेच झाले. माझी पहिली नोकरी जिच्यामुळे कळली, ती माझ्यापुढे दोन वर्षे शिकणारी मुलगी होती आणि ग्रंथालयात तिच्याशी माझे जेमतेम दोन-तीनदा बोलणे झाले होते. मी तिला लिहिले तेव्हा नोकरी मागितली नाही, आणि तो शहाणपणा नव्हता, संकोच होता. तिच्या कामाचा दिवस कसा असतो आणि महाविद्यालयात न शिकवलेले असे काय तिला तिथे शिकावे लागले, एवढेच विचारले. अशा प्रश्नांना लोक आनंदाने उत्तर देतात, कारण त्यात त्यांना कोणाकडे शब्द टाकावा लागत नाही. तिने अर्धा तास फोनवर बोलून तीन गोष्टी सांगितल्या. त्यांपैकी एक मी पुढच्या महिन्यात शिकून तिला तसे कळवले, आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी तिच्या विभागात जागा निघाली तेव्हा तिला माझे नाव आठवले. ‘माझ्यासाठी काही असेल तर सांगा’ हा निरोप मात्र पाठवू नये. त्यात आपल्याला काय हवे, याचा विचार करण्याचे काम आपण समोरच्यावर टाकत असतो.

मुलाखतीचीही तयारी त्या वहीतूनच होते. अनेक ठिकाणी आता सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारून ठरलेल्या निकषांवर गुण दिले जातात. निवडपद्धतींवरील संशोधनात अशी आखीव मुलाखत सैल गप्पांपेक्षा सातत्याने सरस ठरली आहे, आणि पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या आकड्यांची फेरतपासणी केली तेव्हा ती सर्वांत वरच्या स्थानी आली. उमेदवाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ‘तुम्ही कसे आहात’ यापेक्षा ‘अमुक प्रसंगी तुम्ही काय केलेत’ असे विचारले जाण्याची शक्यता अधिक. मला अशाच एका मुलाखतीत गटातील मतभेदाबद्दल विचारले होते आणि मी मोठ्या अभिमानाने ‘आमच्यात कधी मतभेद झालेच नाहीत’ असे सांगितले होते. समोरच्या बाईंनी हसून कागदावर काहीतरी लिहिले. काय लिहिले असेल, याची कल्पना मला आता आहे.

सहा-सात प्रसंग तयार ठेवले की बहुतेक प्रश्नांना पुरतात: एक अपयशाचा, एक मतभेदाचा, एक कमी वेळात उरकलेल्या कामाचा, एक अपरिचित गोष्ट शिकल्याचा, एक दुसऱ्याला मदत केल्याचा, आणि ज्याचा खरोखर अभिमान वाटतो असा एक. परिस्थिती काय होती, आपल्यावर काय जबाबदारी होती, आपण काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, या क्रमाने प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांत सांगता यावा. हे मनातल्या मनात करून भागत नाही. फोनवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकावा. पहिल्यांदा ऐकताना लाज वाटते, परंतु आपण परिस्थितीचे वर्णन करण्यात दीड मिनिट घालवतो आणि स्वतःची कृती एका वाक्यात गुंडाळतो, हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतके स्पष्ट कळत नाही. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का’ असे म्हटल्यावर ‘नाही’ म्हणू नये. ‘या जागेवरच्या व्यक्तीने पहिल्या तीन महिन्यांत काय केले, तर काम नीट चालले आहे असे तुम्ही म्हणाल?’ हा प्रश्न मी अनेकांना दिला आहे, आणि त्याच्या उत्तरावरून त्या जागी जावे की नाही हेही कळते.

आता वाट पाहण्याबद्दल, कारण शोधातला सर्वाधिक वेळ त्यातच जातो. व्हिएन्नाजवळील मारिएनथाल या गावातील कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तेथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांकडे आता वाचायला वेळच वेळ होता, तरी ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने चालताना सारखे थांबू लागले, आणि दिवसभरात काय केले, हे त्यांना सांगता येईना. शिक्षण संपल्यावर वेळापत्रक नाहीसे होते तेव्हा आपलेही थोडेफार असेच होते. मी साठ अर्ज पाठवत होते त्या काळात दुपारी तीनपर्यंत जाहिराती चाळत बसायची आणि त्यालाच शोध म्हणायची. सकाळचे ठरलेले तीन तास, त्यात विचारपूर्वक लिहिलेला एक अर्ज, एका माणसाला पत्र आणि उरलेला वेळ शिकण्याला, अशी विभागणी त्याहून कितीतरी फलदायी असते. आठवड्याचे उद्दिष्टही आपल्या हातातले हवे: ‘दोन मुलाखती मिळवणे’ आपल्या हातात नाही, ‘पाच नेमके अर्ज पाठवणे’ आहे.

नकार येणार हे गृहीत धरून त्याचीही तयारी करता येते. मिशिगन विद्यापीठात १९८० च्या दशकात बेकारांसाठी जो प्रशिक्षण कार्यक्रम आखला गेला, त्यात अडथळे आणि नकार आधीच कल्पून त्यांना तोंड कसे द्यायचे, याचा सराव घेतला जात असे. अशा प्रकारच्या ४७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की प्रशिक्षण घेतलेल्यांना नोकरी मिळण्याची शक्यता, संख्याशास्त्रज्ञ ज्या गुणोत्तराने ती मोजतात त्या हिशेबाने, न घेतलेल्यांच्या २.६७ पट होती. आणि ज्या कार्यक्रमांनी कौशल्य व उमेद या दोन्हींवर काम केले ते अधिक परिणामकारक ठरले. घरच्या घरी याचे साधे रूप म्हणजे अर्जांचा तक्ता: तारीख, ठिकाण, बायोडेटाची कोणती प्रत पाठवली, कोणाशी बोलणे झाले, पुढे काय झाले. पंचवीस अर्जांनंतर एकही बोलावणे आले नाही तर दोष कागदात किंवा पदाच्या निवडीत आहे. बोलावणी येतात पण निवड होत नाही, तर मुलाखतीच्या तयारीकडे वळावे. तक्ता नसेल तर हे दोन्ही प्रकार ‘माझे नशीबच खराब’ या एकाच वाक्यात मिसळून जातात.

या काळात मन अधीर झालेले असते, आणि त्याच अधीरपणावर जगणारे भामटे असतात. प्रामाणिक संस्था नोकरी देण्यासाठी अनामत, नोंदणी शुल्क किंवा प्रशिक्षणाचे पैसे आगाऊ मागत नाही. मुलाखतीशिवाय आलेले नियुक्तीपत्र हे आनंदाचे नव्हे, संशयाचे कारण असते.

आणि खरे नियुक्तीपत्र आले तरी सही करण्याआधी ते पूर्ण वाचावे. परिवीक्षेचा कालावधी, राजीनाम्याची पूर्वसूचना किती दिवसांची, ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचे बंधन आहे का, तोंडी सांगितलेला पगार लेखी तोच आहे का, हे पाहण्यासाठी दोन दिवस मागितले तर कोणी नियुक्ती मागे घेत नाही, निदान जिथे काम करण्यासारखे आहे तिथे तरी नाही. मग ज्यांनी आपल्याला वेळ दिला होता, त्या प्रत्येकाला कळवावे. मी अशी आठ पत्रे लिहिली होती. त्यांतील एका वरिष्ठ सहाध्यायाने उत्तरात अभिनंदन केले आणि आपली धाकटी बहीण यंदा शेवटच्या वर्षाला आहे, तिला दाखवायला तुझा बायोडेटा मिळेल का, असे विचारले. मी त्याला दोन पाठवले: ज्याच्यामुळे मुलाखत मिळाली तो, आणि त्याच्यासोबत नऊ विशेषणांचा तो जुनाही.